कोटाला लागली हळद

साबण लावला आणि डाग लाल झाला.

पिवळा होता हो, चांगला पिवळा, त्या पोराच्या पांढऱ्या कोटावर उजव्या खांद्यापाशी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला. मी त्याच्यावर भांड्याचा साबण घासला आणि तो लाल झाला, कोंबडी कापल्यासारखा. पोरगा मान वाकडी करून खांद्याकडं बघतोय आणि बोलतोय, "दीदी, ये खून है क्या?"

मी बोल्ले, "नाय नाय, खून नाय, हळद हाय."

"हल्दी रेड किधर होती है?"

आता याला काय सांगू? त्याच्या मागं दुसरा पोरगा, त्याच्या मागं तिसरा, सगळ्यांचे कोट पांढरे, सगळ्यांच्या उजव्या खांद्यावर पिवळा डाग, आणि सगळे लायनीत, रॉकेलला उभे राह्यल्यासारखे. कारण पहिल्यानं बाकीच्यांना सांगितलेलं की ती फुलवाली दीदी डाग काढते. तिकडून इव्हेंटवाली ताई धावत येतेय, तिच्या उंच टाचा हिरवळीत रुततात, एक पाय उपसते तवर दुसरा रुततो. मांडवामागं माझं पोर सासूच्या कडेवर कोकलतंय, दुधाची वेळ झालेली. आणि मी तिथं मधोमध, हातात साबणाचा तुकडा, जसा काय पुरावा.

आता तुमी बोलाल, हळदीला साबण लागला की ती लाल होते हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? मला ठाऊक होतं. माझ्या हळदीची साडी मीच धुतलेली, मीच लाल केलेली, आईच्या शिव्या मीच खाल्लेल्या. पण घाबरले ना की माझं डोकं धुतलेल्या टोपासारखं रिकामं होतं. तेव्हा कोणी नाव विचारलं तर माहेरचं सांगू का सासरचं, इथपासून माझी सुरुवात असते.

थांबा. दम घेते. पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर खालापूरकडं, सासर कशेळ्याच्या पुढं. आठवी पास, नववीत बसले आणि उठले. घरात मी, सासू, घरवाले आणि आमचं पोर, जे तेव्हा नुकतं बसायला शिकलेलं आणि बसल्या बसल्या कलंडायचं. घरवाले टेंपो चालवतात, नेरळला बिल्डिंगी उठतायत तिकडं विटा टाकतात. मी घरी बसून गजरे करायची. नवरात्रात, लग्नसराईत चालायचे, बाकी वेळ फुलं कमी आणि माशा जास्त.

एक दिवस घरवाले जेवता जेवता बोल्ले, "खोपोलीच्या एका कंपनीत बायका घेतायत. पॅकिंगचं काम. बस नाक्यावर येते."

"किती वाजता?"

"पहाटं."

"आणि सोडते?"

"अंधार पडला की."

मी भाताचा घास हातात धरून बसले. म्हंजे मी जाणार तेव्हा पोर झोपलेलं, येणार तेव्हा पेंगलेलं. पोर अजून अंगावर पिणारं. मला वाटलं, ह्याला आई म्हंजे रात्री येणारं कायतरी वाटेल, मांजरासारखं. पण बोल्ले काय? "बरं." भीतीनं मी कायम बरंच बोलते.

तेवढ्यात देव पावला. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी एक रिसॉर्ट हाय. तिथले मॅनेजर सर टेंपो थांबवून घरवाल्यांना बोल्ले, "तुमची मिसेस फुलांचं करते ना? शनिवारी मुंबईची शाळा येतेय, बारावीची पोरं. त्यांचा डान्स हाय. हे एक नीट करून दिलं तर दर शनिवारचं फुलांचं काम तिचं."

दर शनिवारचं! घरी बसून! पोर मांडीवर घेऊन! घरवाले बोल्ले, "बघ, हे जमलं तर खोपोली राहू दे. नाय जमलं तर सोमवारी बसमधी बस." येवढा सोपा हिशोब.

दुसऱ्या दिवशी डान्सचं सगळं बघणारी ती इव्हेंटवाली ताई घरी आली. केस सरळ, गॉगल डोक्यावर, आमच्या ओटीवर बसायला घाबरली कारण कोंबडी आधीच बसलेली. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. एका गोऱ्या पोरीचा हात, मनगटाला फुलांचा झुपका.

"हे असं हवंय. अमेरिकेत शाळा संपताना डान्स असतो ना, तसं करतोय आम्ही. मुलगा मुलीला घ्यायला येतो, तिच्या हाताला फुलं बांधतो. मुलाच्या कोटाला मॅचिंग एक फूल. बस्स. मुली ब्लॅकमध्ये, मुलं व्हाईटमध्ये. निशिगंध आणि छोटे गुलाब चालतील. आणि हे घे, यात ओव."

आणि तिनं माझ्या हातात एक रिबिनीचं बंडल ठेवलं. सोनेरी, चकचकीत, आणि ओढलं की ताणायचं. इलॅस्टिकच की.

मी बोल्ले, "बरं."

ती गेल्यावर सासूनं बंडल उचललं, ताणलं, सोडलं, टप्प करून वाजलं.

"हे चड्डीचं हाय," सासू बोल्ली.

"चड्डीचं नाय आई, रिबीन हाय. सोनेरी."

"सोनेरी चड्डीचं. फुलांत हे ओवशील?"

"ताई बोल्ल्या तसं."

"पोरगा पोरीच्या हाताला फुलं बांधणार, असंच ना? जोडीनं?"

"हां."

"त्याच्या छातीला पण तेच फूल?"

"हां."

"मंग गं? काकणच की ते!"

"आई, लग्न नाय, शाळा हाय ती."

"शाळेत काकण बांधायला लागले?" सासूनं कपाळावर हात मारला. "म्हंजे तू नववीत उठलीस ते बरंच झालं गं बाई."

पण खरं सांगू, मलापण तसंच वाटत होतं. आमच्याकडं लग्नात हळदीच्या वेळी नवरा-नवरीच्या हाताला काकण बांधतात, हळदीत भिजवलेलं सूत, त्याला हळकुंड. माझ्या हाताला बांधलेलं तेव्हा मी इतकी थरथरत होते की करवल्या बोल्ल्या, हिला थंडी वाजतेय, आणि ते वैशाखात. तर हाताला फुलं बांधायची म्हंजे माझ्या डोक्यात एकच चित्र. आणि त्या चित्रात इलॅस्टिक नव्हतं.

सासू बोल्ली, "सूत घे. पण कोरं पांढरं सूत कोणाच्या पोरीच्या हाताला बांधू नको, अशुभ. हळदीत भिजव."

मी भिजवलं. घरचीच हळद, जाड, सासूनं कुटलेली. वाटीभर सांगितलेली तर मी दोन घातल्या, रंग चांगला यावा म्हणून. सूत दोरीवर सुकत होतं आणि आमची ओटी लग्नघरासारखी दिसत होती. शेजारीण विचारून गेली, "कोणाचं ठरलं?" सासूला प्रत्येकात हळकुंड पण बांधायचं होतं. ते मी नको बोल्ले. येवढीच काय ती माझी अक्कल, तिची नोंद घ्या, पुढं दिसणार नाय.

आणि सोनेरी इलॅस्टिक? ते फुकट कशाला घालवायचं? पोराच्या चड्ड्या ढिल्या झालेल्या, पोटावर सरकलं की चड्डी मागं राह्यची. मी दोन चड्ड्यांत ओवून टाकलं.

शनिवारी दुपारी मी, सासू आणि पोर, आमी तिघं रिसॉर्टवर. फुलं ओल्या केळीच्या पानांत गुंडाळलेली, मी दर थोड्या वेळानं त्यांच्यावर पाणी मारतेय. पाणी मारलं की फुलं ताजी राहतात हे मला माहीत. ओल्या सुताचं काय होतं हे नाय माहीत. म्हंजे माहीत, पण तेव्हा नाय. इव्हेंटवाल्या ताईनं एक उचलून बघितलं.

"रिबन?"

"सूत चांगलं दिसतं, ताई."

तिनं लांब धरलं, जवळ धरलं. "यलो थ्रेड. हं. रस्टिक आहे. चालेल."

रस्टिक म्हंजे काय मला आजपण माहीत नाय, पण चालेल हे कळलं.

दिवेलागणीच्या आधी बस आली आणि त्यातून जी पोरं उतरली ना, मी सासूच्या पाठीमागं सरकले. पोरी काळ्या झग्यांत, जमीन झाडत चाललेल्या. पोरं पांढऱ्या कोटांत, आमच्याकडच्या बँडवाल्यांसारखी, फक्त ट्रम्पेट नाय. कोट भाड्याचे, ते मला नंतर कळलं, नको तेव्हा कळलं. मॅनेजर सरांनी फुलांचं टेबल दारातच लावलेलं. पोरगा येणार, फूल घेणार, पोरीच्या हाताला बांधणार, फोटो, आत.

आणि एकाही पोराला गाठ मारता येत नव्हती!

बारावीची पोरं, मिशा फुटलेली. फुलं अशी धरायची जसा जिवंत मासा धरलाय, आणि सुताची दोन टोकं घेऊन माझ्याकडं बघायची. "दीदी, कैसे?" मंग काय, सगळ्यांची मीच बांधली. पोरगा नुसता बोट लावायचा, मी गाठ मारायची. आणि माझ्या हाताला गाठ येते एकच, काकणाची, जी ओढली की आवळते आणि भिजली की सुटत नाय. मागं सासू पोर झुलवत हळूच हळदीचं गाणं पुटपुटत होती. मी बोल्ले, "आई, नको." ती बोल्ली, "माझं तोंड मला न विचारता चालतं."

सगळ्यात शेवटी एक बॉयकटवाली पोरगी आली. एकटीच. झगा तिलापण होता, पण खाली पायात बूट. टेबलाशी उभी राह्यली आणि एक फूल उचललं.

मी विचारलं, "तुझा कुठं हाय?"

"माझा नाहीये कोणी. कोणी विचारलंच नाही." हसून बोल्ली, पण ते हसू मला माहीत हाय, मी स्वतः हसते तसं. "मीच बांधून घेते."

"आपलं आपल्याला बांधता येत नाय. गाठ बसत नाय एका हातानं."

"मग तू बांध."

मी बांधलं. ती आत जायच्या ऐवजी टेबलाच्या कडेवर बसली आणि मला सगळं सांगायला लागली. तिकडं अमेरिकेत पोरगा आधी पोरीला विचारतो, पाटी लिहून, सगळ्यांसमोर. मंग तिच्या घरी येतो. पोरीचा बाप दार उघडतो.

"आणि मारतो?" मी विचारलं.

"नाही! फोटो काढतो."

मी सासूला सांगितलं. सासू बोल्ली, "आमच्यात बाप पोरगा बघायचा आणि पोरीला दाखवायचा पण नाय. ह्यांच्यात पोरगी बघते आणि बाप फोटो काढतो. जग फिरलं गं."

"आणि आत मतं टाकून एक राजा, एक राणी करतात," पोरगी बोल्ली. "डोक्याला मुकुट."

सासू बोल्ली, "हाताला काकण, डोक्याला मुकुट, बापाचा फोटो, आणि वर बोलतात लग्न नाय."

मंग आत दिवे मंद झाले आणि हळू गाणं लागलं. आमी मांडवाच्या कनातीतून बघत होतो. पोरीनं डावा हात पोराच्या खांद्यावर ठेवायचा, पोरानं कमरेला हात लावायचा आणि दोघांनी एका जागी डुलायचं, बैल उभ्या उभ्या झोपतो तसं. शिक्षक कडेकडेनं बॅटऱ्या घेऊन. दोघांच्या मधी वही मावेल येवढी जागा नसली की बॅटरी मारायचे. मला लय आवडलं. मनात बोल्ले, आपण कधी घरवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला? एकदा ठेवलेला, टेंपोवरून उतरताना, पडू नये म्हणून.

आणि असा विचार करत होते तवाच बॅटरीचा उजेड एका खांद्यावर पडला आणि मला पिवळं दिसलं.

बॅटरी पुढं सरकली. पिवळं. पुढं. पिवळं. थंडीच्या दिवसातपण घाम, ओली फुलं, ओलं सूत आणि दोन वाट्या हळद. पोरी जशा डुलत होत्या तशी हळद उतरत होती. त्यांच्या काळ्या झग्यांना काय कळणार, पण पोरांचे खांदे! सगळी शाळा हळदीला बसलेली.

"अगं बया," सासू बोल्ली, "लागली हळद!" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसत होती हो! आणि मला खोपोलीची बस दिसत होती, पहाटंची, दिवे लावलेली.

मी काय केलं? आत घुसले. कोणी बोलवलं नव्हतं. भांडी घासायच्या मोरीवरून साबणाचा तुकडा उचलला, पहिला पोरगा धरला, घासला. पुढचं तुमाला ठाऊकच हाय.

इव्हेंटवाली ताई पोचली तवर तीन कोट लाल झालेले. तिचं मराठी गेलं, इंग्लिश आलं, मंग तेपण गेलं. शेवटी येवढंच, "कोट भाड्याचे आहेत! काढ! हातातली आधी काढ! सगळ्यांची!"

काढ बोलणं सोपं. गाठ काकणाची, भिजलेली, आवळलेली. नखानं सुटेना. मी एका पोरीचा हात धरला आणि दात लावले. लग्नात सुटली नाय की आमी तसंच करतो. पोरगी किंचाळली, "शी इज बायटिंग मी!" गाणं बंद झालं. शिक्षकांच्या सगळ्या बॅटऱ्या माझ्यावर. मी त्या उजेडात, तोंडात सूत, ओठ पिवळे.

तुमाला सांगते, त्या वेळी जमीन फाटली असती तर मी पोटात गेले असते, पण तिथं लॉन होती, तीपण भाड्याची.

तेव्हा ती बॉयकटवाली पुढं आली. "लिंबू! किचनमधनं लिंबू आणा कोणीतरी. साबणानं लाल होते, लिंबानं परत पिवळी होते. सातवीत नाही का शिकवलं?"

सातवीत! सातवी तर मी पास! त्या धड्याच्या दिवशी मी आवणीला गेले असणार, चिखलात भाताची रोपं लावत, आणि इकडं बाई हळदीचं सांगत असणार, जी रोज माझ्या घरात.

किचनमधनं मासे तळायला ठेवलेली लिंबं आली. पिळलं. लाल होतं ते डोळ्यांदेखत पिवळं झालं. पोरं ओरडली. एक बोल्ला, "वन्स मोअर!" आणि माझ्या हातातनं साबण घेऊन स्वतःच घासला. लाल. लिंबू. पिवळं. मंग जे काय सुरू झालं ते मला आवरता येईना. जो तो आपला खांदा रंगवतोय, फोटो काढतोय. ज्याच्या खांद्यावर डाग नव्हता, म्हंजे ज्याच्याबरोबर कोणी नाचलंच नव्हतं, तो पोरींच्या मागं, "प्लीज, मेरे को भी लगा ना." एकाच्या दोन्ही खांद्यांवर डाग निघाले. त्याच्या जोडीच्या पोरीनं बघितलं. उजवा माझा, मंग डावा कोणाचा? ते भांडण इंग्लिशमधी झालं, पण सगळं कळलं.

सासू कनातीतून आत आलेली, पोर कडेवर. एका पोरीनं विचारलं, "आजी, अब हम लोग मॅरीड है क्या?"

सासू बोल्ली, "अर्धे. अक्षता राह्यल्यात."

काय हसली पोरं! परत गाणं लागलं आणि परत सगळे जोडीजोडीनं डुलायला लागले, आता मुद्दाम खांद्यावर हात चोळून. बॉयकटवाली उभीच होती टेबलाशी. लिंबू तिनं सांगितलेलं, पण नाचायला तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं सासूच्या कडेवर बघितलं, हात पुढं केले आणि बोल्ली, "हा येईल का माझ्याबरोबर?"

आमचं पोर कोणाकडं जात नाय. मामाकडं जात नाय. तिच्याकडं गेलं. तिनं त्याला छातीशी धरलं, डावा हात त्याच्या पाठीवर, आणि मधी जाऊन डुलायला लागली. पोर रडायचं विसरलं. तिच्या कानातलं धरून बघत बसलं. फिरताना त्याच्या झबल्यावर खांद्यापाशी पिवळा डाग दिसला, आणि खाली चड्डीला सोनेरी रिबीन, दिव्यात चकाकत.

सासू बोल्ली, "झालं. आली सून घरात."

इव्हेंटवाली ताई माझ्या बाजूला उभी. तिनं रिबीन ओळखली. बराच वेळ बघितली. मी देवाचं नाव घेतलं. पण तिनं मोबाईल काढला आणि शूटिंग करायला लागली.

जाताना मॅनेजर सर येवढंच बोल्ले, "उद्या फोन करतो." त्यांचा चेहरा तर नुसत्या भाड्याच्या कोटांसारखा, कधी लाल, कधी पिवळा. घरी येताना मी घरवाल्यांना टेंपोत सगळं सांगितलं. ते गिअर टाकत बोल्ले, "दात लावलेस? पोरीला?" पुलावर हसले. मंग बोल्ले, "सोमवारी बसचं बघू."

रविवारी फोन आला. मी पोराला पाजत होते, फोन खांद्यात दाबून धरला.

"ऐकलं का," सर बोल्ले, "ते व्हिडिओ खूप चाललेत. आणखी शाळा विचारतायत. काम तुमचं. दर शनिवार."

माझ्या डोळ्यांत पाणी. "बरं," मी बोल्ले.

"पण तसंच पाहिजे. हळद सुटणारी. साबण, लिंबू, सगळं. आजींना लुगडं नेसवून दारात बसवा, त्यांनी काकण बांधायचं, गाणं म्हणायचं, ते अर्धं लग्न झालं वगैरे बोलायचं. तुम्ही दातानं सोडवायचं, त्याला पब्लिक खूप हसतं. आणि बाळाला आणा. त्याच सोनेरी चड्डीत."

मी बोल्ले, "सर, एक मिनिट," आणि सासूला सांगितलं.

सासू तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली.

"काल केलं ते आपण खरं समजून केलं," ती बोल्ली. "चुकलं, पण खरं होतं. ज्याच्या हाताला हळद बांधतो त्याचं चांगलं व्हावं असं मनात आणूनच मी गाणं बोल्ले. आता ठरवून हळद सोडायची आणि लोकांनी हसायचं, ते सोंग. मी नाय बसणार दारात."

"आई, मंग खोपोली."

"तू जा. पोर मी सांभाळते. सांभाळलं नसतं का?"

"त्याला माझी सवय हाय, आई."

सासूनं मान खाली घातली. परत तांदळात बोटं घातली. मी बघितलं, बोटं नुसतीच फिरत होती, खडा एक निघत नव्हता. तिलापण कळत होतं. मला एकटीला तिथं उभं राहायचं, तेच दात लावायचे, पण आता त्या पोरींना न घाबरवता, हसवायला. आणि पोराला चड्डी दाखवायला न्यायचं. काल बॉयकटवालीनं त्याला घेतलं तेव्हा ती काय दाखवत नव्हती. तिला कोणीतरी हवं होतं, त्याला कानातलं हवं होतं. दर शनिवारी ते कसं होईल?

पण नाय बोल्ले तर सोमवारी पहाटं नाक्यावर मी, आणि घरी पोर उठून मला शोधणार.

बाहेर टेंपो धुता धुता घरवाले विचारतायत, "काय बोल्ले सर?" सासू तांदळातनं मान वर करत नाय. पोर पिता पिता झोपलंय, त्याच्या झबल्यावरचा डाग मी अजून धुतला नाय, साबण लावायचा धीर होत नाय. आणि फोनमधनं सर, "हॅलो? हॅलो? हो का नाय?"

मी येवढं शिकलेली नाय. कायम बरं बोलत आलेय, आणि ह्या वेळी बरं बोल्ले तरी चुकतं आणि नाय बोल्ले तरी चुकतं. तुमी शिकलेल्या हाय, तुमाला पोरं हायत, सासवा हायत. तुमी माझ्या जागी असता तर फोनमधी काय बोल्ल्या असता?